‘खरखरीत आहे’ आणि ‘खरखरीत लागते’ : भाजल्याच्या व्रणांच्या पृष्ठमापनाची भाषिक चिकित्सा

१

भाजल्याची जखम भरून आली म्हणजे शल्यवैद्याचे एक काम संपते आणि दुसरे सुरू होते. जखमेच्या जागी आलेली कातडी जाड होते, आक्रसते, लाल किंवा काळपट दिसते, खाजते, आणि तिचा पृष्ठभाग शेजारच्या निकोप त्वचेसारखा राहत नाही. असा व्रण परिपक्व होण्यास बहुधा एक ते दोन वर्षे लागतात. या काळात दाबाचे कपडे, सिलिकोनचे पापुद्रे, मालीश, व्रणात टोचावयाची औषधे आणि प्रसंगी पुन्हा शस्त्रक्रिया असे नाना उपाय योजिले जातात. त्यांपैकी कोणत्या उपायाने किती गुण आला हे ठरवावयाचे तर व्रणाचे मापन केले पाहिजे. आणि या मापनाच्या चर्चेत गेल्या दोन-तीन दशकांत ‘वस्तुनिष्ठ’ या विशेषणाला फार मोठे मोल प्राप्त झाले आहे. वैद्याची नजर आणि रुग्णाची तक्रार या व्यक्तिनिष्ठ, म्हणून दुय्यम. यंत्राने दिलेला आकडा वस्तुनिष्ठ, म्हणून प्रमाण, अशी ही मांडणी होय.

प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा करावयाची आहे. मात्र ती वैद्यकाच्या अंगाने नव्हे, तर भाषाशास्त्राच्या अंगाने. भाषाशास्त्राचा येथे संबंध काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, कोणतेही यंत्र मोजू लागण्यापूर्वी काय मोजावयाचे याला कोणीतरी नाव दिलेले असते, आणि नाव देणे ही भाषिक क्रिया आहे. इंग्रजीतील ‘रफनेस’ या एकाच शब्दाखाली ज्या दोन गोष्टी एकत्र नांदतात, त्यांना मराठी भाषा दोन निराळ्या नावांनी ओळखते. शिवाय पदार्थाचा गुण सांगणारे वाक्य आणि त्या गुणाचा अनुभव सांगणारे वाक्य यांतही मराठी व्याकरण स्पष्ट भेद करते. हे दोन्ही भेद दृष्टीआड केले म्हणजे यंत्राचा आकडा एका प्रश्नाचे उत्तर देतो आणि आपण ते दुसऱ्याच प्रश्नाचे म्हणून वाचतो. त्यातून होणारे नुकसान केवळ तात्त्विक नसते, ते रुग्णाच्या पदरी पडते.

२

हा विचार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात करावयाचे कारण एवढेच की, येथे भाजण्याचा धोका, रुग्णसेवा आणि धातूच्या पृष्ठभागाचे मापन या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. भाषेच्या दृष्टीनेही हा प्रदेश सलग आहे. १९४९ ते १९६० या काळात आजच्या सांगली जिल्ह्याचे नावच ‘दक्षिण सातारा’ असे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. त्यांतील पुष्कळसे अपघात चुलीपाशी व स्टोव्हपाशी घडतात. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात त्यांत गुऱ्हाळाची भर पडते. चुलवाणावरील काहिलीत उकळणारा रस पाण्यापेक्षा अधिक तापतो. गूळ उतरविण्याच्या वेळी पाकाचे तापमान ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि घट्ट पाक अंगाला चिकटून राहत असल्यामुळे त्याचे भाजणे खोलवर जाते. मिरज हे रुग्णसेवेचे जुने केंद्र आहे. विल्यम वॉनलेस यांनी तेथे १८९४ साली रुग्णालय काढले, आणि १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जत-आटपाडीकडील शेतकरी, मेंढपाळ किंवा गुऱ्हाळावरील मजूर आपला व्रण घेऊन अशा ठिकाणी येतो तेव्हा तो आपली तक्रार आपल्या शब्दांत सांगतो. त्या शब्दांचे पुढे काय होते, हा आपला प्रश्न आहे.

गुऱ्हाळातच एक उद्‌बोधक उदाहरण सापडते. आधण तयार झाले की नाही हे ओळखणारा गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकतो आणि त्याची गोळी बोटांत धरून पाहतो. तापमापक घेऊनही हा निर्णय करता येतो, आणि दोन्ही निर्णय सामान्यतः जुळतात. ते जुळतात याचे कारण तापमापक व बोट एकाच गोष्टीविषयी बोलत असतात: पाकातील पाणी किती आटले. बोटाची साक्ष आणि यंत्राची साक्ष यांत मुळात विरोध आहे असे समजण्याचे कारण नाही. परंतु दोघांना विचारलेला प्रश्न एकच असला पाहिजे. व्रणाच्या बाबतीत तो एकच आहे, असे आज गृहीत धरले जाते. त्या गृहीताचीच तपासणी केली पाहिजे.

३

पृष्ठभागाचा खडबडीतपणा आकड्यात सांगण्याची रीत त्वचाविज्ञानात जन्मलेली नाही. ती यंत्रशाळेत जन्मली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. आज ते गाव सांगली जिल्ह्यात आहे. नांगर, पंप यांसारखी यंत्रे घडविणाऱ्या अशा कारखान्यांत कातलेल्या व घासलेल्या धातूचा पृष्ठभाग किती साफ उतरला हे एकेकाळी नजरेने व नखाने पाहिले जाई. इंग्लंडमध्ये १९४१ च्या सुमारास ‘टॅलिसर्फ’ हे सुई फिरवून पृष्ठभागाचा आलेख काढणारे यंत्र आले, आणि पुढे ‘आर-ए’ हा आकडा यांत्रिक आराखड्यांवर सर्वत्र दिसू लागला. त्याचा अर्थ सोपा आहे. पृष्ठभागाच्या चढउतारांमधून एक मध्यरेषा काढावयाची, प्रत्येक बिंदूचे त्या रेषेपासूनचे अंतर घ्यावयाचे, आणि वर-खाली हा भेद न करता त्या अंतरांची सरासरी काढावयाची.

हाच हिशेब पुढे त्वचेला लावण्यात आला. प्रथम त्वचेचा सिलिकोनमध्ये ठसा घेऊन त्यावर सुई फिरवीत. पुढे प्रकाशाच्या पट्ट्या थेट त्वचेवर टाकून, त्या कोठे कशा वाकतात यावरून उंचीचा नकाशा काढणारी यंत्रे आली. नेदरलँड्समधील संशोधकांनी ‘प्रिमॉस’ या यंत्राने निकोप त्वचा व व्रण यांचे मापन करून २०११ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात सरासरी उंचसखलता, उंच शिखरे व खोल दऱ्या यांमधील अंतर, आणि शिखरांची संख्या अशी परिमाणे तपासली होती, आणि हे मापन विश्वसनीय असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. ते काम परिश्रमाचे आहे आणि त्याविषयी प्रस्तुत लेखकाचा काही आक्षेप नाही. एकाच व्रणावर दोन मापकांनी दोनदा मापन केले असता आकडे जुळावेत, ही अपेक्षा योग्यच होय. आक्षेप आहे तो त्या आकड्याला कोणते नाव द्यावे याविषयी.

दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, सरासरीचा हा आकडा उंचवटा आणि खळगा यांत भेद करीत नाही. गणिताच्या दृष्टीने एखादा पृष्ठभाग पालथा घातला तरी त्याचा ‘आर-ए’ तोच राहतो. मराठीत ‘वण’ हा शब्द उच्चारला म्हणजे जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे देवीचे वण येतात; देवीच्या रोगाचा १९७५ नंतर देशात रोगी आढळला नाही, तरी शब्दाची ती आठवण टिकून आहे. देवीचे वण म्हणजे खळगे. भाजल्याचा व्रण म्हणजे बहुधा उंचवटा. ज्या आकड्याला हे दोन्ही सारखेच वाटू शकतात, तो आकडा डोळ्याने व बोटाने सहज कळणारा भेद गमावून बसला आहे. हा भेद दाखविणारी दुसरी परिमाणे अभियांत्रिकीत उपलब्ध आहेत, परंतु ती वापरावयाची की नाही हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवितो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पृष्ठभागाचा आलेख हाती आला म्हणजे त्यातून एकूण आकार, मोठ्या लहरी आणि बारीक खरखर ही तीन वेगळी काढावी लागतात. त्यांच्यामधील सीमा निसर्गाने आखून दिलेली नाही. साफ कातलेल्या धातूसाठी ही सीमा पुष्कळदा ०.८ मिलिमीटर धरतात: त्याहून लांब चढउतार ‘लहर’ म्हणून वगळावयाचे, आखूड ते ‘खडबडीतपणा’ म्हणून मोजावयाचे. मानवी शरीर तर जागोजाग वाटोळे आहे. तेथे दंडाची गोलाई वजा केल्यावाचून काहीच मोजता येत नाही. मग व्रणावरची बोटभर लांबीची दोरीसारखी गाठ ही ‘आकार’ समजावयाची, ‘लहर’ समजावयाची की ‘खडबडीतपणा’? सीमा सरकविली की आकडा बदलतो. म्हणजे आकडा वस्तुनिष्ठ असला तरी तो एका नामकरणाच्या पोटातून आलेला असतो. नामकरण आधी, मापन नंतर, हा क्रम विसरून चालत नाही.

४

यंत्रांच्या बरोबरीने रुग्णालयांत प्रश्नावलीवजा श्रेणीही वापरल्या जातात. त्यांतील ‘व्हँकुव्हर श्रेणी’ १९९० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रंगद्रव्य, रक्तपुरवठा, लवचीकपणा आणि उंची असे चार मुद्दे असून सर्वाधिक गुण १३ होतात. पृष्ठभागाच्या पोताला या श्रेणीत स्वतंत्र स्थानच नाही. उंची दोन मिलिमीटरांहून कमी, पाचांहून कमी, किंवा अधिक, एवढीच काय ती नोंद. रुग्णाला स्वतःला काय वाटते याचाही तिच्यात प्रश्न नाही.

ही उणीव नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पोसास’ या श्रेणीने भरून काढली. तिचे दोन भाग आहेत, एक निरीक्षकाचा व दुसरा रुग्णाचा. प्रत्येक मुद्द्यास १ ते १० गुण, आणि १ म्हणजे निकोप त्वचेसारखे. रुग्णाच्या भागात वेदना, खाज, रंग, ताठरपणा, जाडी आणि पृष्ठभाग यांविषयी प्रश्न येतात. रुग्णाची साक्ष प्रथमच समान पंक्तीला बसविली, हे या श्रेणीचे श्रेय निर्विवाद होय.

तथापि तिची शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. पृष्ठभागाच्या मुद्द्यास निरीक्षकाच्या भागात ‘रिलीफ’ असे नाव दिले आहे. हा शब्द शिल्पकलेतून व नकाशाशास्त्रातून येतो. डोंगर-दऱ्या दाखविणाऱ्या नकाशातील उठाव, असा त्याचा अर्थ. म्हणजे वैद्याने व्रणाकडे वरून, दुरून, नकाशाकडे पाहावे तसे पाहावयाचे. रुग्णाला मात्र तोच मुद्दा ‘इरेग्युलर’ या विशेषणाने विचारला जातो. म्हणजे जे नियमित नाही ते. येथे वर्णन नाही, केवळ नकार आहे. गंमत अशी की, हाताला कसे लागते हे सांगणारा साधा शब्द दोन्ही ठिकाणी नाही. एकाला डोळ्याचा शब्द दिला, दुसऱ्याला नियमाचा. स्पर्शाचा शब्द कोणालाच मिळाला नाही.

हे प्रश्न मराठीत विचारावयाचे झाल्यास अडचण आणखी वाढते. ‘इरेग्युलर’ला कचेरीतील मराठी प्रतिशब्द ‘अनियमित’. पण मराठीत अनियमित असते ती हजेरी, पाऊस, एस.टी. किंवा पाळी. ‘तुमचा व्रण अनियमित आहे का?’ या प्रश्नाला वाळवे किंवा पाटण तालुक्यातील बाई काय उत्तर देणार? ती गोंधळेल, किंवा डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून मधला एखादा आकडा सांगेल. तो आकडा पुढे तक्त्यात जाईल, त्याची सरासरी निघेल, आणि यंत्राच्या आकड्याशी तो जुळत नाही असे दिसले म्हणजे रुग्णाची साक्ष अविश्वसनीय, असा निष्कर्ष निघेल. दोष प्रश्नाच्या शब्दाचा. शिक्षा मात्र उत्तर देणाऱ्यास. ‘पोसास’ची २०२२ साली प्रसिद्ध झालेली तिसरी आवृत्ती रुग्णांशी गटचर्चा करून घडविण्यात आली, याचे कारणही रुग्णाची भाषा आधी ऐकली पाहिजे ही जाणीव हेच होय. ती जाणीव मराठीपुरती आपण स्वतः निभावली पाहिजे.

व्रणाच्या वर्णनाची आपली स्वतःची परंपरा दरिद्री नाही. सुश्रुतसंहितेत सम्यक् भरून आलेल्या व्रणाची लक्षणे दिली आहेत: त्यात गाठी नसाव्यात, सूज नसावी, वेदना नसाव्यात, त्याचा वर्ण त्वचेसारखा असावा आणि तळ सपाट असावा. आजच्या श्रेणीतील वेदना, रंग, जाडी व पृष्ठभाग हे मुद्दे येथे स्पष्ट दिसतात. आणि निकोप त्वचा हाच तुलनेचा मानदंड, हेही तत्त्व समान आहे. येथे प्राचीनांनी सर्व काही आधीच शोधून ठेवले होते असे सुचवावयाचे नाही. सांगावयाचे ते इतकेच की, पृष्ठभागाच्या वर्णनात ‘गाठी नसणे’ आणि ‘सपाट असणे’ ही दोन स्वतंत्र लक्षणे त्या ग्रंथकाराला आवश्यक वाटली. आयुर्वेदाच्या वीस गुणांच्या यादीतही खर-श्लक्ष्ण, मृदु-कठिन व विशद-पिच्छिल या जोड्या पृथक् आहेत. आधुनिक मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रयोगान्ती स्पर्शाच्या मुख्य मिती शोधल्या, त्यांतही खरखरीत-गुळगुळीत आणि कठीण-मऊ या दोन प्रमुख ठरल्या, हा योगायोग लक्षणीय आहे.

५

आता मराठी शब्दांकडे वळू. ‘खरखरीत’ आणि ‘खडबडीत’ हे दोन शब्द सामान्य बोलण्यात समानार्थी वाटतात, आणि कोशांतही एकाचा अर्थ देताना दुसरा पुढे येतो. परंतु प्रयोगाच्या कसोट्या लावल्या म्हणजे त्यांतील अंतर उघड होते.

पहिली कसोटी पदार्थाच्या निवडीची. रस्ता खडबडीत असतो, घाटातील पायऱ्या खडबडीत असतात, न टाकी लावलेला दगड खडबडीत असतो. घोंगडी मात्र खरखरीत असते. माण-आटपाडीच्या मेंढपाळी मुलखातील कोणीही घोंगडीला खडबडीत म्हणणार नाही. पॉलिश कागद खरखरीत, मांजराची जीभ खरखरीत, थंडीत उलणारी टाच खरखरीत. उलटपक्षी, खरखरीत रस्ता हा प्रयोग मराठी कानाला रुचत नाही. दुसरी कसोटी इंद्रियाची. ‘तो रस्ता लांबूनच खडबडीत दिसतो’ हे वाक्य सहज आहे. ‘ती घोंगडी लांबूनच खरखरीत दिसते’ हे वाक्य सहज नाही. खडबडीतपणा डोळ्यांना दिसतो. खरखरीतपणा हात फिरविल्यावाचून कळत नाही. तिसरी कसोटी ध्वनीची. आवाज खरखरीत असतो, रेडिओत खरखर होते, घशात खरखर होते. ‘खडबड’ हाही मुळात ध्वनीचाच शब्द. पण ती भांड्यांची किंवा दगडांवरून जाणाऱ्या गाडीची खडबड होय. एकात अखंड घर्षण आहे, दुसऱ्यात सुटे सुटे ठोके आहेत. ‘र’ हा लांबविता येणारा वर्ण आणि ‘ड’ हा अडवून सोडावयाचा वर्ण, ही योजना या अर्थभेदाशी जुळते. ‘खर’ हा संस्कृत शब्द त्यात मिसळला असणे शक्य आहे, म्हणून व्युत्पत्तीवर फार भार देऊ नये. परंतु प्रयोगातील भेद त्यावाचूनही सिद्ध होतो.

अशा अनुकरणवाचक अभ्यस्त शब्दांची विपुलता हे भारतीय भाषाक्षेत्राचे एक समान लक्षण आहे, असे एमेनो यांनी १९६९ साली दाखवून दिले. गुळगुळीत, तुकतुकीत, बुळबुळीत, भरभरीत हा सारा परिवार त्याच जातीचा. या शब्दांकडे बालिश किंवा अशास्त्रीय म्हणून पाहण्याची शिकलेल्या लोकांची सवय आहे. ती सोडली पाहिजे. स्पर्शाच्या सूक्ष्म भेदांची नोंद ठेवण्याचे मराठीचे हे प्रमुख साधन आहे.

दुसरा भेद व्याकरणाचा. ‘कातडी खरखरीत आहे’ आणि ‘कातडी हाताला खरखरीत लागते’ ही दोन वाक्ये एकच गोष्ट सांगत नाहीत. ‘आहे’ या क्रियापदाने गुण पदार्थाच्या ठायी सांगितला जातो. ‘लागते’ म्हटले की अनुभव घेणारा चतुर्थीच्या रूपाने वाक्यात प्रवेश करतो: हाताला, जिभेला, मला. ‘लिंबू आंबट आहे’ आणि ‘मला आज पाणीही कडू लागते’ यांतील फरक सर्वांच्या परिचयाचा आहे. दुसरे वाक्य खोटे ठरविण्यासाठी पाण्याचे रासायनिक पृथक्करण दाखविणे व्यर्थ होय. व्रणाच्या बाबतीत तर ‘लागणे’ दुहेरी असते. रुग्णाच्या बोटाला व्रण खरखरीत लागतो, आणि व्रणाला सदऱ्याची बाही खरखरीत लागते. पहिल्यात व्रण हा विषय आहे, दुसऱ्यात व्रण हाच अनुभव घेणारा आहे. जळालेल्या व नंतर कलम केलेल्या त्वचेतील संवेदना बहुधा पूर्ववत होत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे ही दोन वाक्ये स्वतंत्रपणे विचारण्याची गरज पटावी. यंत्र उत्तर देते ते केवळ ‘आहे’चे.

६

हे भेद केवळ शाब्दिक आहेत, असे कोणी म्हणेल. परंतु स्पर्शविज्ञानातील निष्कर्ष त्यांना पुष्टी देतात. डेव्हिड कात्झ यांनी १९२५ साली मांडले की, ठळक पोत बोटाखाली जागच्या जागी कळतो, पण बारीक पोत कळण्यास बोट फिरले पाहिजे, कारण तो कंपनांच्या द्वारे कळतो. नंतरच्या प्रयोगांनी या विभागणीस दुजोरा दिला असून, दोन प्रकारांमधील सीमा सुमारे एक दशांश ते दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास येते. त्याहून ठळक ते स्थिर बोटाला, किंबहुना डोळ्यालाही कळावे; त्याहून बारीक ते घासूनच कळावे. मराठीतील खडबडीत व खरखरीत यांची वाटणी नेमकी याच रेषेच्या दोन बाजूंना होते असे सिद्ध करण्यास प्रयोग हवेत. परंतु वर दिलेल्या कसोट्या त्याच दिशेने बोट दाखवितात, एवढे निश्चित.

बारीक पोताच्या बाबतीत बोटाची क्षमता थक्क करणारी आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखविले की, अवघी सुमारे १३ नॅनोमीटर उंचीची वळी असलेला पृष्ठभाग व सपाट पृष्ठभाग यांतील फरक फिरत्या बोटाला ओळखता येतो. तेव्हा मायक्रॉनमध्ये मोजणारे यंत्र सूक्ष्म आणि बोट स्थूल, ही समजूत सरसकट खरी नाही. ध्वनी व स्पर्श यांच्या नात्याविषयीही फिनलंडमधील युस्माकी व हारी यांचा १९९८ सालचा प्रयोग बोलका आहे. माणसे दोन्ही तळहात एकमेकांवर घाशीत असता त्याचा आवाज त्यांना कानयंत्रातून ऐकविला, आणि त्यातील उच्च कंप्रतेचे ध्वनी वाढविले. तेव्हा त्यांना आपली त्वचा कोरडी, कागदासारखी झाल्याचा भास झाला. त्वचा तीच, आवाज बदलला, आणि स्पर्श बदलला. ‘खरखर’ हा एकच शब्द कानाला व हाताला वापरणारी भाषा येथे अडाणी ठरत नाही.

आता व्रणाकडे परत येऊ. भाजल्याचा व्रण दोन निराळ्या कारणांनी त्रास देतो. एक तर कोलॅजनच्या अतिरेकी वाढीमुळे गाठी, दोऱ्या व उंचवटे येतात. जाळीदार कलम लावले असल्यास त्या जाळीचे चौकोनही वर्षानुवर्षे दिसत राहतात. हा खडबडीतपणा होय, आणि प्रकाशपट्ट्यांचे यंत्र तो उत्तम मोजते. दुसरे असे की, खोल भाजण्यात तैलग्रंथी व घर्मग्रंथी नष्ट होतात, त्यामुळे व्रण कोरडा पडतो, त्याचे पापुद्रे सुटतात, कपडा अडकतो. हा खरखरीतपणा होय. पहिल्यावर दाब, सिलिकोन वा शस्त्रक्रिया हे उपाय. दुसऱ्यावर प्रथम तेल, मलम व मऊ कपडा. उंचवटे ओसरले म्हणून यंत्राचा आकडा सुधारला, तरी कोरडेपणा कायम असल्यास रुग्ण म्हणतच राहणार की, ‘अजून खरखरीत लागतंय.’ त्यावर आकडा दाखवून ‘तुमची तक्रार मनाची आहे’ असे उत्तर दिले गेले, तर एका खऱ्या व उपाय असलेल्या दुःखाला आपण केवळ शब्दाच्या गोंधळापायी नाकारले असे होईल. वस्तुनिष्ठतेच्या नावाखाली होणारा अन्याय तो हाच.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, बोलीनुसार शब्द बदलतात. कोणी ‘खरबरीत’ म्हणेल, कोणी ‘राठ’ म्हणेल, तर कोणी दोन्ही शब्द बेलाशक अदलून वापरील. हे खरे आहे. म्हणूनच शब्द निवडण्यापूर्वी त्या त्या भागातील बोलणाऱ्यांकडून ते पारखून घ्यावे लागतील, आणि शब्दांच्या जोडीला नमुनेही द्यावे लागतील: घोंगडीचा तुकडा, पॉलिश कागदाचे निरनिराळे नंबर, न घासलेली फरशी. रुग्णाने आपल्या व्रणाच्या जवळचा नमुना निवडावा. नमुना हाती असला म्हणजे शब्दाची ओढाताण कमी होते. दुसरा आक्षेप असा की, आकड्यावाचून दोन उपायांची तुलना होऊ शकत नाही. हेही मान्य. आकडा टाकून द्यावा असे येथे कोठेही सुचविलेले नाही. रुग्णाचे शब्दसुद्धा विश्वसनीयतेच्या कसोटीला लावता येतात: एकच प्रश्न आठवड्याने पुन्हा विचारावा, उत्तर टिकते का ते पाहावे. यंत्राला जी शिस्त लावतो तीच शब्दाला लावावी. शब्दाला शिस्त न लावताच तो बेभरवशाचा ठरवू नये.

यावरून मराठी प्रश्नावलीपुरती सूचना अशी निघते. पृष्ठभागाविषयी एक प्रश्न न विचारता तीन विचारावेत. व्रण शेजारच्या कातडीपेक्षा उंचसखल किंवा खडबडीत दिसतो का? त्यावरून हात फिरविला असता हाताला खरखरीत लागतो का? आणि व्रणाला कपडा, पाणी किंवा दुसऱ्याचा हात कसा लागतो? पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या उंचीच्या नकाशाशी ताडून पाहावे. दुसऱ्याचे उत्तर कोरडेपणा व घर्षण यांच्या मापनाशी ताडावे. तिसऱ्याचे उत्तर रुग्णावाचून कोणीच देऊ शकत नाही, आणि तेथे त्याची साक्ष हीच अंतिम होय. हे झाल्यावर यंत्र व रुग्ण यांत मतभेद राहिला, तर तो खरा मतभेद असेल, आणि त्यातून काही नवे शिकावयास मिळेल.

मराठी विभागांनी असे काम आपले मानावे की नाही, हा प्रश्न उरतो. परिभाषा बनविणे म्हणजे इंग्रजी शब्दापुढे संस्कृत शब्द ठेवणे, अशी आपली रूढ कल्पना आहे. ‘अनियमित’ हा शब्द त्या कल्पनेचे फळ आहे. भाजलेल्या माणसाला त्याच्या कातडीविषयी नीट प्रश्न विचारता येईल असा शब्द शोधावयाचा तर कोश उघडण्यापूर्वी गुऱ्हाळात, धनगरवाड्यात आणि रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन ऐकले पाहिजे. बोलीविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवे असतात. सातारा-सांगलीच्या बोलीतील स्पर्शवाचक शब्दांची पद्धतशीर नोंद हा त्यांपैकी एक असावयास हरकत नाही. त्या नोंदीचा उपयोग कोणा वैद्याला प्रश्न विचारताना झाला, तर आपल्या शास्त्राने आपले काम केले असे म्हणता येईल.